कॅच कॅन: बंद की उघडा?

सुपरचार्जरवाल्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या) गाडीला कॅच कॅन, म्हणजे इंजिनातल्या वाफेतलं तेल अडवणारा डबा, लावायचाय, पण वाफ परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) घ्यायची, म्हणजे बंद कॅन, की बाहेर सोडायची, म्हणजे उघडा, यावर सोलापुरातल्या होटगी रोडचा एक दोस्त अडकलाय.

बूस्ट (सुपरचार्जरच्या हवेचा दाब) चढला की पिस्टन रिंगांमधून जास्त गॅस क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) उतरतो. तो तेलाची वाफ घेऊन इनटेकमध्ये गेला की इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) आतून थर बसतो, नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोकाही वाढतो.

उघडा कॅन स्वस्त: डबा, फिल्टर, पाइप, झालं. इनटेक कोरडं राहतं. पण क्रँककेसला वाफ ओढून घेणारा व्हॅक्यूम नाही, ओलावा ऑइलमध्येच मुरतो, आणि सिग्नलला थांबलं की केबिनमध्ये तेलाचा वास. रस्त्यावरच्या गाडीला हे नियमातही बसत नाही.

बंद कॅन महाग. आत जाळी किंवा बॅफल (वाफ अडवणाऱ्या पट्ट्या) नसेल तर पैसे पाण्यात. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या) बाजूला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, नाहीतर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलची वाट लावतो.

रिकामे दोन्ही करावे लागतात. थंडीत आत दुधाळ चहासारखं पाणी-तेल निघतं, घाबरू नका. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात मात्र कॅन एक्झॉस्टपासून लांब, वाऱ्यावर बसवा. तापलेल्या डब्यात वाफेचं तेल नीट होत नाही.

रोजची गाडी, अधूनमधून पुणे हायवे: बंदच. फक्त ट्रॅकवर पळणारी: उघडा चालेल.