क्लच लवकर गेलाय, फक्त प्लेट टाकायची की अख्खा सेट?

गाडी अजून लाख किलोमीटरच्या जवळपासही नाही, तरी क्लच स्लिप व्हायला लागलाय, मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो, "फक्त प्लेट टाकू की सेट टाकू?" सेट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही. ज्याला याचं उत्तर उद्यापर्यंत द्यायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय. प्लेट ही इंजिनच्या फ्लायव्हील नावाच्या जड चकतीत आणि प्रेशर प्लेटमध्ये दाबून धरलेली असते, आणि पेडल अर्धवट दाबलं की ती घसरत फिरते, तोच हाफ क्लच, एवढं लक्षात असलं की पुढचं कळेल. मी माझ्या गाडीत सेट टाकला, भावाने त्याच्या गाडीत फक्त प्लेट टाकली, आणि दोन्ही गाड्या माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे पुढचं बरंचसं पायाला आणि कानाला जाणवलेलं आहे, मोजून काढलेलं नाही.

पण आधी क्लच खरंच गेलाय का ते बघा, कारण गिअरबॉक्स एकदा खाली आला की काही ना काही बदललं जातंच. स्लिप ओळखायची तर वरच्या गिअरमध्ये, चौथ्या-पाचव्यात मध्यम स्पीडला ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा, आरपीएमचा काटा भर्रकन वर गेला आणि गाडी आहे तिथेच रेंगाळली तर स्लिप पक्की. पहिल्या-दुसऱ्यात हे बराच काळ कळत नाही कारण तिथे गाडी ओढायला क्लचवर तेवढा ताणच येत नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं (बंद पडलं तर क्लच धरतोय, चालूच राहिलं तर स्लिप) ही टेस्टपण चालते, फक्त एकदाच करा, आधीच दमलेली प्लेट हौसेने चारदा तपासली तर उरलंसुरलं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, तिथेच जळतं.

याच्या नेमकी उलटी तक्रार म्हणजे गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्र होतं, आणि इंजिन बंद केलं की तेच गिअर मुकाट्याने पडतात. ही स्लिप नाही, इथे क्लच पूर्ण सुटत नाहीये, आणि यात बऱ्याचदा प्लेटचा काहीच दोष नसतो. क्लच हायड्रॉलिक असेल, म्हणजे पेडलचा जोर फ्लुइडने पोचत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळत असतो, केबल असेल तर ती ताणलेली असते. आणि पेडलखाली जाडजूड मॅट सरकून आलंय का ते एकदा वाकून बघा, हसू नका, पेडल शेवटपर्यंत जातच नसेल तर क्लच सुटणार कसा.

आवाजाचं साधं आहे. पेडल दाबल्यावर घर्रर्र सुरू होत असेल तर बोट रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबतं ते) जातं, आणि न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आहे पण दाबल्यावर जातो असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायला सांगा. गाडी उचलताना थरथरत असेल तर इंजिनचे माउंटिंग आधी बघून घ्या, फाटलेलं रबर आणि खराब क्लच सीटवर बसलेल्या माणसाला अगदी सारखेच वाटतात.

आता मूळ प्रश्न. क्लच वेळेवर गेला, म्हणजे गाडी भरपूर चालली, लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखं झिजत झिजत रिव्हेटपर्यंत आलं, तर ते म्हातारपणाचं मरण, त्यात तपास करण्यासारखं काही नाही. लवकर गेला असेल तर मात्र त्याला कोणीतरी मारलंय, आणि तो मारेकरी बहुतेक वेळा प्लेटमध्ये नसतोच. म्हणून काम कोणाकडेही द्या, पण गिअरबॉक्स खाली आल्यावर मला बोलवा असं आधीच सांगून ठेवा आणि जुनी प्लेट स्वतःच्या हातात घ्या. ती बरंच बोलते. लायनिंगवर चिकट काळा थर असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय. तेल दाट असेल आणि गंधकासारखा उग्र वास येत असेल तर ते गिअर ऑइल आहे, इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेलं. पातळ द्रव असेल आणि तुमच्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कव्हरच्या, आतच बसत असेल तर तो ब्रेक फ्लुइड. मधल्या हबच्या स्प्रिंगा तुटून खुळखुळतायत का बघा. आणि लायनिंग कोरडं पण काचेसारखं चकचकीत किंवा करपलेलं, सोबत फ्लायव्हीलवर निळेजांभळे डाग, तर निव्वळ उष्णता. म्हणजे चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, पेडलवर पाय ठेवून चालवणं, किंवा क्लच पूर्ण धरतच नाहीये असा काही दोष.

माझ्या बाबतीत हा शेवटचा प्रकार निघाला. सकाळी गाडी ठणठणीत, तासभर ट्रॅफिकमध्ये घातली की स्लिप, थोडी उभी केली की परत बरी. मेकॅनिकने स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीडिंगचा निपल जरासा सैल केला तर पेडलला कोणीही हात लावलेला नसताना फ्लुइडची चिळकांडी उडाली, आणि निपल परत आवळून लगेच गाडी फिरवली तर स्लिप गायब! म्हणजे पाय काढल्यावरही लाइनमधलं प्रेशर उतरतच नव्हतं, मास्टर सिलिंडरमधलं परत जायचं छिद्र तुंबलेलं, आणि क्लच कायम जरासा दाबलेला. मी पेडलवर पाय न ठेवता गाडी पेडलवर पाय ठेवून चालत होती म्हणा ना. असल्या गाडीत प्लेट टाका नाहीतर सेट टाका, मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर काही महिन्यांत परत तेच. केबलच्या गाडीत हाच घोळ फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) न राहिल्यामुळे होतो, आणि तिथे तर नुसत्या ॲडजस्टमेंटने भागतं.

मग सेट का टाकला? कारण बेअरिंग इतका काळ सतत टेकून फिरल्यामुळे प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या, म्हणजे ताटलीसारख्या स्प्रिंगच्या, बोटांची टोकं झिजून चकाकत होती, एक-दोन बोटं बाकीच्यांपेक्षा खाली बसलेली नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. अशा प्रेशर प्लेटवर नवी प्लेट लावायला मन घेईना. मास्टर सिलिंडर बदलला तो वेगळा.

भावाचं प्रकरण वेगळं होतं. रोजचा रस्ता तुंबलेला, शिवाय घरात गाडी शिकणारं एक जण, त्यामुळे प्लेट जळाली यात नवल नाही. सील कोरडी, हायड्रॉलिक ठीक. प्रेशर प्लेट बघून त्याचा मेकॅनिक म्हणाला अजून जोर आहे हिच्यात, उगाच कशाला बदलता, आणि त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखंच होतं. फक्त प्लेट आणि बेअरिंग टाकलं, फ्लायव्हील पॉलिश पेपरने घासून पुसून परत बसवलं.

आणि खरं सांगायचं तर सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्यांत मला फरक कळत नाही. त्याचंही पेडल नव्या प्लेटने हलकं झालं, पिकअप परत आला, वरच्या गिअरमध्ये काटा पळणं बंद झालं. तुमचं चालवणं बहुतेक हायवेचं असेल तर तुम्हालाही कदाचित कधी कळणार नाही, आणि मग मी पुढे जे रडगाणं लावणार आहे ते सोडून दिलंत तरी चालेल.

पण ती गाडी रिव्हर्समध्ये रॅम्पवर चढवा. क्लच हळूहळू सोडायला लागलं की जिथे धरायला सुरुवात होते नेमकं तिथे थड थड थड थड, आरसा इतका हलतो की मागचं काही दिसत नाही, दाराच्या कप्प्यातली नाणी वाजतात, आणि बाजूला उभा असलेला माणूस तुम्हाला गाडी येत नाही अशा नजरेने बघतो. गाडी थंड असताना कमी, तापली की जास्त. थरथर टाळायला क्लच पटकन सोडावा तर गाडी भिंतीकडे झेपावते, हळू सोडावा तर थडथड चालूच, शेवटी माणूस ॲक्सिलरेटर जास्त देऊन निभावतो आणि त्यात नवी प्लेट परत तापते. माउंटिंग बदलून बघितले, थोडा फरक पडला, गेलं नाही. गाडी बंद पडत नाही, कुठे अडकवत नाही, कोणाला दाखवली तर म्हणतात चालतंय की, पण रोज दोनदा पार्किंगमध्ये हे भोगायचं म्हणजे वैताग आहे. माझं मत पूर्णपणे सेटच्या बाजूला गेलं ते या एका थडथडीमुळे, बाकीची कारणं मला नंतर सुचली असं म्हटलं तरी चालेल.

हे होतं का तर फ्लायव्हीलचं बीडाचं लोखंड एका जागी खूप तापून गार झालं की तेवढा ठिपका बाकीच्या भागापेक्षा कडक होतो आणि किंचित उठतो. ते निळे डाग म्हणजे नुसता रंग नाही. पॉलिश पेपरने रंग जातो, कडकपणा जात नाही. मग नवीन लायनिंग त्या ठिपक्यांवर एक धरतं, शेजारी दुसरंच धरतं, आणि ती धरसोड तुम्हाला थरथर म्हणून जाणवते. फ्लायव्हील निदान लेथवर घेता येतं, तरी डाग खोल असेल तर तेही दरवेळी सुधरत नाही. पण प्लेटची दुसरी बाजू ज्या प्रेशर प्लेटवर घासते तिलाही तेवढाच ताप लागलेला असतो आणि ती लेथवर घ्यायला सहसा कोणी देत नाही. जात्याच्या एकाच तळीला टाकी लावून दळायला बसावं तसं होतं ते. शिवाय डायफ्राम स्प्रिंग एकदा नीट तापली की तिचा ताण कमी होतो, आणि हे बघून कळत नाही, त्यामुळे "अजून जोर आहे" हे वाक्य मी जरा जपूनच घेतो.

आता दुसरी बाजू, कारण फक्त प्लेट टाकणारे सगळे चुकतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. गाडी कमी चाललेली असेल, सील गळून प्लेट तेलात भिजली असेल, आणि प्रेशर प्लेट स्वच्छ, डाग नाही, चरे नाहीत, सगळी बोटं एका पातळीत, तर सील बदलून फक्त प्लेट टाकायला माझी हरकत नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट क्लीनरने नीट धुऊन घेतली की झालं. गाडी विकायचीच असेल तरी तेच. पण या दोन्हीत बेअरिंगवर काटकसर करू नका, आत बसणाऱ्या सामानातलं ते छोटं आणि त्या मानाने स्वस्त, पण तेवढंच घरघरायला लागलं तर त्याच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. खरा खर्च मुळात या लेबरचाच असतो, म्हणून प्लेट आणि सेटच्या किमतीतला फरक वाटतो त्यापेक्षा एकूण बिलात लहान असतो.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या. काही गाड्यांत सेल्फ ॲडजस्टिंग प्रेशर प्लेट असते, प्लेट झिजेल तशी आतली रिंग सरकत जाते. तिच्यावर नवी जाड प्लेट नुसती आवळली तर रिंग झिजलेल्या जागीच राहते आणि क्लच नीट सुटत नाही, ती रिंग मागे घ्यायला वेगळं टूल लागतं. मेकॅनिकला हे टूल म्हणजे काय हे माहीत नसेल तर तुमच्यापुढे पर्याय एकच, सेट. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) असेल तर तेही सहसा लेथवर घेत नाहीत, त्याचा खेळ किती झालाय ते मोजून बघतात आणि मर्यादेबाहेर असेल तर बदलतात, आणि तो खर्च क्लच सेटलाही मागे टाकू शकतो, तेव्हा गाडी उघडण्याआधी हा आकडा विचारलेला बरा.

सेट टाकला म्हणजे हात झटकले असंही नाही. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून संरक्षक तेल असतं, ते न पुसता बसवलं तर नव्या लायनिंगला पहिल्या दिवशीच तेल लागतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या ज्या दातांवर प्लेट बसते त्यांना) ग्रीस नखभरच लावायचं, जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवरच जातं. प्लेट मध्यावर आणायचं टूल वापरतात का, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळतात का, आणि प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते ती तिकडेच आहे ना, एवढं उभं राहून बघा. घरी आणल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जोरात उचलायची नाही, चढावर हँडब्रेकने धरायची, आणि रॅम्पवर एकदा रिव्हर्समध्ये सावकाश चढवून बघायची, थडथड असेल तर मेकॅनिककडे त्याच आठवड्यात परत न्यायची.