सीलपॅक म्हणून विकलेला फोन आणि आधीच सुरू झालेली वॉरंटी

गेल्या दिवाळीत आमच्या आण्णांनी सांगलीतल्या एका दुकानातून फोन घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. तेच मॉडेल ऑनलाइन ९,४९९ ला दिसत होतं आणि हा दुकानदार ८,८०० ला देतो म्हणाला. आण्णांना दुकानातूनच घ्यायचा होता, उद्या काही झालं तर हक्कानं जाऊन विचारता येतं म्हणून. आपल्याकडं बरेच जण असाच विचार करतात आणि असल्या दुकानदारांचा धंदा नेमका त्याच विश्वासावर चालतो.

बिलाचा विषय निघाल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, जीएसटीचं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर पडतील बघा, कशाला उगाच, वॉरंटी काय कंपनीचीच आहे." हे साफ खोटं आहे. बॉक्सवर छापलेली एमआरपी सगळे टॅक्स धरूनच असते, बिल मागितलं म्हणून किंमत वाढत नाही. शेवटी हातात आला एस्टिमेटचा कागद, म्हणजे पक्कं बिल नाहीच, त्यावर मॉडेल, रक्कम, तारीख आणि शिक्का, आयएमईआयचा (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर असतो तो) रकाना मोकळा. फोन त्यानंच उघडला, "सगळं सेट करून देतो" म्हणत सिम घातलं, व्हॉट्सअप चालू करून दिलं, वर टेम्पर्ड ग्लास फुकट. म्हातारा माणूस खुश होऊन घरी आला.

उन्हाळ्यात डिस्प्लेवर हिरवी लाइन आली आणि खालचा टच गेला. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही. दुकानदार म्हणाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावा. मी पुण्याहून आलो होतो म्हणून आण्णांना घेऊन गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी आयएमईआय टाकला, थोडं थांबल्या आणि स्क्रीनच आमच्याकडं वळवली. अॅक्टिव्हेशनची, म्हणजे फोन पहिल्यांदा चालू झाल्याची, तारीख आम्ही घेतला त्याच्या सात महिने आधीची, म्हणजे दिवाळीत घेतला तेव्हाच वॉरंटीच्या वर्षातले पाचच महिने उरले होते आणि तेसुद्धा आता संपले होते. डिस्प्लेचे ३,२०० सांगितले. आण्णा परत परत विचारत होते, अहो पण माझ्यासमोर डबा फोडला की.

डबा फोडला हे खरंय, पण सील गरम हवेनं सोडवून परत चिकटवता येतं, नवीन स्टिकर पण मिळतात. कुणीतरी परत केलेला, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेला, नाहीतर सेलमध्ये घाऊक उचलून चालू करून ठेवलेला, असे फोन रिसेट मारले की नव्यासारखेच उघडतात. त्यामुळं डबा, सील, वरची फिल्म यावर जाऊ नका. वॉरंटी कंपनीच्या सिस्टीमला आयएमईआयशी जोडलेली असते, फोन पहिल्यांदा चालू होऊन नेटला लागला की बऱ्याच कंपन्यांचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. पक्कं बिल असतं तर त्याची तारीख दाखवून कंपनीशी भांडायला जागा होती. बिल का टाळलं ते आता कळलं असेल. ७०० रुपये कमी केले म्हणजे त्यानं आमची सात महिन्यांची वॉरंटीच विकून खाल्ली होती.

म्हणून पैसे द्यायच्या आधी, काउंटरवरच, बॉक्सवरचा आयएमईआय कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फोन उघडल्यावर *#०६# दाबून येणारा नंबर आणि बॉक्सवरचा नंबर जुळतोय का ते पण बघा. इंग्रजीत KYM, मग स्पेस देऊन आयएमईआय असा मेसेज १४४२२ ला पाठवला की कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल आहे ते येतं, नंबर ब्लॉक किंवा डुप्लिकेट असेल तर तेही कळतं, पण वॉरंटी त्यात कळत नाही, ती कंपनीकडंच बघावी लागते. आणि दुकानदार नको म्हणाला, "नेट नाही" म्हणाला, तर सरळ उठून या.

स्वस्त फोनमध्ये याला जास्त महत्त्व आहे कारण हे फोन किती टिकतील ते वॉरंटीशिवाय कशावर बघणार? नऊ हजाराच्या फोनला तीन हजाराचा फोल्डर, म्हणजे डिस्प्ले, टाकायचा म्हणजे फोन गेल्यातच जमा. फोनवर आयपी५४ लिहिलेलं असलं म्हणजे शिंतोडे चालतात, पाण्यात पडलेला चालत नाही, आणि पाणी गेलं की सहसा वॉरंटी पण जाते. चार्जरची वॉरंटी बऱ्याचदा सहाच महिने असते, ते कुणी सांगत नाही.

दुकानदारानं आधी ओळखच दाखवली नाही. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली, एस्टिमेटचा फोटो, यूपीआयचं पेमेंट आणि बॉक्सवरचा आयएमईआय जोडला, तेव्हा फोन आला की निम्मे पैसे देतो, मिटवा. आण्णाच नाही म्हणाले. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्या आईवडिलांनी वर्षभरात असा एस्टिमेटवर फोन घेतला असेल तर आजच त्यांचा आयएमईआय टाकून वॉरंटीची तारीख बघा, आणि कागद आणि डबा फेकू नका.