नऊ महिने, अकरा फेऱ्या आणि एक वायपर

इंग्लंडमध्ये स्वतःच्या गाडीतून सिंह बघायला मिळतात याचं नवल पहिल्या फेरीत आम्हालाही वाटलं होतं. दोन फेऱ्यांत पास वसूल होतोय म्हटल्यावर फेब्रुवारीत त्या सफारी पार्कचा वार्षिक पास काढला. आता नोव्हेंबर उजाडलाय, अकरा फेऱ्या झाल्यात. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी रडगाणं. ऑगस्टमधला शनिवार, शाळांना सुट्टी. सिंहांच्या फाटकापासून बाहेर पडेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं लागली. काचा बंद, एसी चालू, मागे सात वर्षांची लेक "बाबा, शू" म्हणतेय आणि खाली उतरायची सोय नाही. शेवटी रिकामी बाटली कामी आली. घरी येऊन ईमेल केला, तर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" छापाचं उत्तर. तेव्हा बाहेर पडायची वाट कुठे आहे हे आत शिरण्याआधीच विचारून घ्या आणि सुट्टीतला शनिवार-रविवार टाळा. हो, आणि बंद गाडीत ठेच्याचा डबा उघडू नका. आम्ही उघडला होता.

माकडांच्या विभागात आमचा मागचा वायपर गेला. एक जण टपावर बसून रबर सोलत होता, दुसरा वाट बघत होता. तिथे गाडी वाचवणारी वेगळी वाट असते आणि 'नुकसान तुमच्या जबाबदारीवर' अशी पाटीही असते, त्यामुळे चाळीस पौंडांची तक्रार नाही. उलट मला वाटतं, आख्ख्या पार्कात कंटाळा नावाची गोष्ट याच मंडळींना नसावी. दर पाच मिनिटांनी नवं खेळणं चालत येतं. फक्त त्यांनी ते रबर गिळलं तर काय, हा विचार घरी आल्यावर सुचला.

जूनमध्ये आई साताऱ्याहून आली. तिनं वाघ पाहिलेला तो बोरिवलीला, जाळीच्या बसमधून. इथे माणसं डब्यात नि जनावरं मोकळी, याची तिला गंमत वाटली. ही कल्पना मुळात सर्कसवाल्याचीच. जिमी चिपरफिल्डनं लॉर्ड बाथ यांच्या इंग्लंडमधल्या लाँगलीटच्या जमिनीवर १९६६ साली सिंह आणले आणि आफ्रिकेबाहेरची अशी पहिली सफारी सुरू झाली. प्रेक्षक गाडीत बसवले तरी खेळ दाखवायचाच होता, हे मला आईच्या एका वाक्यानंतर कळलं.

दुपारचे चार वाजले होते. वाघ कुंपणाच्या कडेनं जायचा, ठरावीक खांबाशी वळायचा, परत यायचा. आम्ही खूश, कारण वाघ चालतोय, फोटो मिळतोय. आई म्हणाली, "अरे, तो चालतो ती पायवाट बघ. गवत उरलंय का? दावणीला फार दिवस बांधलेलं जनावर असंच करतं, जागच्या जागी डोलत राहतं."

त्यानंतर मी वेळ बदलून गेलो. तीन वेळा सकाळी, तेव्हा तो फळ्यांच्या माचावर गाढ झोपलेला. म्हणजे चारची येरझार ही बरीचशी आत घ्यायच्या आणि खाण्याच्या वेळेची वाट बघणं असावं. पण ती उघडी पडलेली माती एका दुपारची नाही. २००३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी मांडलं होतं की जंगलात ज्या शिकारी प्राण्यांचा वावर लांबवर असतो, त्यांच्यातच बंदिवासात अशा येरझारा जास्त दिसतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या जंगलातल्या वावराच्या साधारण दहा लाखावा भाग असते, हे त्यातलंच. 'इतक्या एकरांचं पार्क' अशी जाहिरात वाचताना मला आता ते आठवतं.

सिंहांबद्दल मात्र लोक उगाच हळहळतात. "बिचारे, नुसते पडून असतात." सिंह जंगलातही दिवसाचे वीसेक तास पडूनच असतो. त्याला उठवायला हॉर्न वाजवणारा इसम मात्र मला तीनदा भेटला. हॉर्न गाडी बंद पडली तर वाजवायचा असतो, भाऊ.

पास वसूल झाला तो गवतावरच्या कळपांमुळे. गेंडे शेजारून चरत जातात, गाड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, आई म्हणाली, "म्हशीच की या!" आणि मागे वळलेल्या लांब शिंगांचे ओरिक्स, म्हणजे आफ्रिकेतली एक जातीची हरणं. हा प्राणी जंगलातून नामशेष झाल्याचं २००० साली जाहीर झालं. २०१६पासून चाडमध्ये पुन्हा कळप सोडले गेले, ते जगभरच्या प्राणिसंग्रहांतून जमवून वाढवलेल्या जनावरांतूनच. चीनमधून नाहीशी झालेली, इंग्लंडमधल्या वोबर्नला बेडफर्डच्या ड्यूकनं राखलेली पेर डेव्हिड हरणंही अशीच १९८५ साली चीनला परत गेली. या कळपांना इथे जागा पुरते, चारा आहे, सोबत आहे. वाघाचं गणित तिथे लागू पडत नाही, आणि तिकीट मात्र वाघाच्याच चित्रावर खपतं.

लेकीला एप्रिलमधलं ओरिक्सचं पिल्लू शिंगं लांब झाल्यावर बघायचंय, म्हणून बहुतेक पुन्हा पास काढू. वाघाकडे सकाळी जाऊ. मागच्या वायपरचं रबर त्या दिवशी घरीच काढून ठेवीन.