बोलोन्या: जेवण भारी, सावली त्याहून भारी

परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला इटलीतलं हे गाव आवडणारच, सगळीकडं कमानीखालून फूटपाथ, २०२१ ला युनेस्कोच्या यादीत पण आलेत, सान लूका चर्चपर्यंत जवळपास पावणेचार किलोमीटर टेकडी चढायची तरी डोक्याला ऊन लागत नाही, गुडघ्यांचं मात्र बघा तुमचं तुम्ही 😄 गारिसेंदा मनोरा लईच कललाय, दुरूनच बघायचा. जेवलो बाजाराजवळच्या एका छोट्या हॉटेलात. आम्ही शाकाहारी, म्हणून तोर्तेल्लोनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, घेतले, आत रिकोट्टा चीज अन् पालक, वरून लोणी अन् सेजची कुरकुरीत पानं, पारी इतकी पातळ की आतलं हिरवं दिसतंय. तिखट शून्य, बायकोनं पर्समधला ठेचा काढलाच, वेटर बघतच राहिला. सर्व्हिस जरा निवांत, अन् बिलात बसण्याचे माणशी वेगळे पैसे लावतात, मेनूवर आधीच बघून घ्या. साडेचार स्टार.