जॅक्सन फाइव्हसारखी वाजणारी गाणी: नक्कल कुठे जमली, कुठे फसली

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने ऑक्टोबर 1969 मध्ये 'आय वॉन्ट यू बॅक' बाजारात आणलं तेव्हा मायकल जॅक्सन 11 वर्षांचा होता. पुढे 1970 सालात जॅक्सन फाइव्हची, म्हणजे मायकल आणि त्याच्या भावांच्या गटाची, ओळीने चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि इतर कंपन्याही आपापला मायकल शोधू लागल्या. त्या शोधातून आलेली बरीच गाणी एकाच जागी घसरतात: पोराचा आवाज उचललेला असतो, त्याखालचं बांधकाम नाही.

ते बांधकाम आधी कानात बसवून घ्या. हेडफोन लावून 'आय वॉन्ट यू बॅक' पहिल्यांदा फक्त बाससाठी ऐका. विल्टन फेल्डरचा बास नुसता ठेका धरत नाही, स्वतःची चाल गातो; गायक श्वास घेतो तेव्हाही गाणं पुढे पळतं ते त्याच्यामुळे. दुसऱ्यांदा भावांचे आवाज ऐका. मायकलची ओळ पुरती विरायच्या आत ते आत शिरतात. शब्द मोठ्या माणसाच्या पश्चात्तापाचे, गळा मात्र लहान मुलाचा. हा विरोध काढून टाकला की उरतं ते गोडगोड गाणं.

ऑस्मंड्स या भावांच्या गटाचं 'वन बॅड ॲपल' या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं. जॉर्ज जॅक्सनने (मायकलच्या घराण्याशी याचा संबंध नाही) ते जॅक्सन फाइव्ह डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं. अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत रिक हॉलने ते मुद्रित केलं आणि 1971 च्या सुरुवातीला ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अंतरा मोठ्या मेरिलकडे आणि मध्येच झेप घेऊन येणाऱ्या उंच ओळी धाकट्या डॉनीकडे, ही वाटणी अचूक आहे. लहान आवाज सतत वापरला तर कान कंटाळतो. इथे तो मोजून येतो, म्हणून प्रत्येक वेळी चमकतो. शिवाय या भावांचा पाया बार्बरशॉप गायनाचा (वाद्यांशिवाय चार आवाजांनी सूर जुळवून गाण्याची पद्धत), त्यामुळे एकत्र सूर लावताना ते जराही हलत नाहीत. उणीव एकच: बास चपळ असला तरी मोटाउनइतका पुढे येत नाही, ढकलण्याचं काम पितळी वाद्यांवर पडतं. त्यामुळे गाणं उड्या मारतं, पण घरंगळत पुढे जात नाही. तरीही हे संग्रही हवंच.

फॉस्टर सिल्व्हर्सचं 1973 चं 'मिसडिमीनर' थोडक्यात: गळा त्याच वयाचा, पण चालीत घाई नाही. भाऊ लिऑनने लिहिलेलं हे गाणं नकलेपासून मुद्दाम दूर उभं राहतं. मला ते फार आवडतं.

न्यू एडिशनचं 'कँडी गर्ल' (1983) मात्र उघडउघड जॅक्सन फाइव्हच्याच 'एबीसी'च्या साच्यातलं. गटाच्या नावातच जॅक्सन फाइव्हची नवी आवृत्ती हा दावा आहे. मॉरिस स्टार आणि मायकल जॉन्झन यांनी बोस्टनच्या या पोरांसाठी साचा तोच ठेवला, वाद्यं बदलली: ड्रम मशीन आणि सिंथेसायझरचा बास. गटाचा मुख्य गायक राल्फ ट्रेसव्हँटचा आवाज मायकलच्या इतका जवळ जातो की पहिल्या ओळीला दचकायला होतं. अडचण ठेक्यात आहे. माणूस वाजवतो तेव्हा ठोका केसभर मागेपुढे होतो आणि त्या फटीत मुलाचा आवाज खेळतो. मशीन ती फट ठेवत नाही. गाणं सुटतं ते मधल्या रॅपच्या तुकड्यात, कारण तिथे ही मुलं त्यांच्या स्वतःच्या काळातली वाटतात. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ते योग्यच झालं.

ऐकताना मूळ मुद्रणच निवडा. 'वन बॅड ॲपल' नंतरच्या थेट कार्यक्रमांतून ऐकलंत तर डॉनीचा आवाज फुटून खाली आलेला असतो. मग तो आणि मेरिल एकाच उंचीवर येतात, आणि ज्या वाटणीवर गाणं उभं आहे तीच हरवते.