सुट्टीतलं पाळणाघर, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ती दुपारची झोप

वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेनऊला पाळणाघराच्या ग्रुपवर मेसेज आला: "उद्यापासून भाऊबीजेपर्यंत पाळणाघर बंद राहील." शाळा बंद म्हणून मुलांना तिथे ठेवायचं, आणि नेमकं तेव्हाच तेही बंद! माझ्या ऑफिसला सुट्टी फक्त लक्ष्मीपूजन आणि पाडव्याची. फी मात्र पूर्ण महिन्याची. त्या रात्री रागाच्या भरात लिहायला घेतलेलं तसंच ठेवून दिलं. आता नाताळची सुट्टीही तिथेच काढून झाली आहे, तेव्हा नीट लिहिते.

आम्ही पुण्यात कोथरूडला, वनाजजवळ राहतो. मी मेट्रोने रामवाडीला जाते, नवरा हिंजवडीला. थोरला दुसरीत, धाकटी बालवाडीत. सासूबाई साताऱ्याहून मेमध्ये पंधरा दिवस येतात, बाकी आमचं आम्ही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा जमते. मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी, मग दिवाळी, मग नाताळ. दोघांनी आळीपाळीने सगळ्या रजा घातल्या तरी पुरत नाही, आणि एखादं मूल तापलं तर हातात एकही रजा नाही.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. आमच्या ऑफिसात ती आहे, पण घेतात सहा वर्षांपर्यंतच्याच मुलांना. थोरल्याचं काय? उन्हाळी शिबिरं पाहिली. दोन आठवड्यांचे साडेतीन हजार, तेही एका मुलाचे, आणि साडेबाराला मूल परत दारात. नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

म्हणून हे घरगुती पाळणाघर. सुट्टीत साडेआठ ते साडेसहा, थोरल्याचे साडेसहा हजार, धाकटीला हजार कमी. शाळा असते तेव्हा दुपारनंतरचा अर्धा दिवस. डबा आपला, चारचं दूध आणि खाणं त्यांचं. न्यायला उशीर झाला तर अर्ध्या तासाला ५० रुपये. नवऱ्याची बस चांदणी चौकाच्या अलीकडे अडकली की ते भरावे लागतात. त्याबद्दल तक्रार नाही, त्यांनीही किती थांबायचं?

माझा मुख्य मुद्दा झोपेचा. एक ते चार सतरंज्या पसरतात, पडदे ओढतात आणि सगळ्यांनी आडवं व्हायचं. धाकटीला ते मानवतं. थोरल्याची दुपारची झोप सुटून तीन वर्षं झाली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात तो रात्री पावणेबारापर्यंत टक्क जागा. सकाळी साडेपाचला उठून मला चार डबे करायचे असतात. एका रात्री म्हणाला, "आई, डोळे उघडले की मावशी म्हणतात, मिट. मग मी पडल्यापडल्या भंगारवाला किती वेळा ओरडतो ते मोजतो. आज चारदा."

ते ऐकून पोटात तुटलं. तीन तास डोळे मिटून पडायचं म्हणजे सात वर्षांच्या मुलाला शिक्षाच ती. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंशी मी तीनदा बोलले. दर वेळी उत्तर एकच, "अहो, तो उठला की बाकीची उठतात." मावश्यांना निवांत बसता यावं म्हणून मुलांना निजवतात, असं माझं पक्कं मत झालं आणि ते मी सोसायटीत चार जणींना सांगितलंही.

ते मत आता अर्धं मागे घेते. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धी रजा टाकून दीड वाजता न कळवता गेले. आत चौदा मुलं, सगळ्यात लहान दहा महिन्यांचं, मावश्या दोन. एक मावशी बाळाला मांडीवर थोपटत होत्या. दुसऱ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाकरी खात होत्या, सकाळी आठनंतर पहिल्यांदाच. मुलं झोपली नाहीत तर त्यांच्या पोटात घास कधी जाणार? धाकट्यांना निजवायलाच हवं, हे मला पटलं. मोठ्यांची सोय वेगळी हवी, हे माझं म्हणणं मात्र मी सोडलं नाही. मी घरचा कॅरम देऊ केला. काकू म्हणाल्या, "कॅरम नको, आवाज होतो." मग सापशिडी, पत्ते आणि गोष्टींची पुस्तकं नेऊन दिली. गणपतीपासून चार मोठी मुलं बाल्कनीत बसतात. थोरला आता पावणेदहाला झोपतो.

एका गोष्टीची मला अपेक्षाच नव्हती. मेमध्ये काकूंनी गच्चीत जुन्या साडीवर कुरडया घातल्या आणि पोरांना तिच्या कडेला कावळे हाकायला बसवलं. थोरल्याने संध्याकाळी खिशातून एक कुरडई काढून माझ्या हातावर ठेवली, कडेने कडक, मधे अजून ओली. नाताळात धाकटी मटार सोलून आली, नखं हिरवीगार, आणि आता घरीही शेंगा मागते. या कशाचे जादा पैसे घेतले नाहीत.

दिवाळीचं भांडण फोनवर झालं, चांगलं अर्धा तास. दोन्ही मावश्या गावी जातात, त्यातल्या एक पार परभणीकडे. त्यांनी जायलाच हवं, त्यांचीही लेकरं वाट बघतात. पण त्यांची जायची तारीख काकूंना आधी ठाऊक होती, मग आम्हाला आदल्या रात्री का? त्या दिवसांत नवऱ्याने दोन दिवस घरून काम केलं, मी एक रजा घातली, एक दिवस शेजारच्या आजींकडे काढला. मी त्या दिवसांची फी मागितली. पैसे परत नाही मिळाले, पण डिसेंबरच्या फीतून वळते केले. आता दाराच्या आतल्या बाजूला वर्षभराच्या बंदच्या तारखा चिकटवल्या आहेत. तुम्ही कुठेही नाव घाला, पैसे भरायच्या आधी त्या तारखा लिहून मागा, आणि एकदा भर दुपारी जाऊन या. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात.

पुढच्या मेसाठी दोघांचीही नावं घातली. काकूंनी वही उघडली आणि थोरल्याच्या नावापुढे माझ्यासमोर लिहिलं: दुपारी झोपत नाही.