गुडघे दुखणाऱ्यांनी राष्ट्रीय उद्यान कसे पाहावे

मी सत्तर वर्षांची आहे, माझ्या उजव्या गुडघ्याची झीज झालेली आहे आणि माझ्यासोबत आलेल्या आमच्या वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे शाळेची सहल किंवा तरुणांची पायपीट, अशी आमच्या घरची समजूत होती. फेब्रुवारीच्या शेवटी एका बुधवारी आम्ही दोघीच तिथे जाऊन आलो आणि ही समजूत चुकीची असल्याची माझी खात्री पटली. फक्त काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे घरून ठरवून निघायला हवे. सोमवारी उद्यान बंद असते आणि शनिवार-रविवारची गर्दी आपल्या वयाला झेपणारी नसते.

अंधेरीहून येणाऱ्यांनी लोकलची धक्काबुक्की टाळून गुंदवलीला मेट्रो धरावी आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाच्या स्थानकावर उतरावे. खाली यायला लिफ्ट आहे. प्रवेशद्वारापासून उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. हे अंतर चालत जाण्याचा मोह वन्संना झाला होता, पण मी त्यांना बसमध्येच बसवले आणि ते योग्यच झाले, कारण पायांतली ताकद पुढे पायऱ्यांसाठी राखून ठेवावी लागते. बसमध्ये चढण्यापूर्वी प्रवेशद्वाराजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन यावे.

बसच्या खिडकीतून दिसणारे जंगल त्या दिवसांत पानगळीचे होते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या रानात बिबटे आहेत, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, आदिवासी पाडेही आहेत. उतारांवरची कारवीची झुडपे आठ वर्षांतून एकदा फुलतात. ती २०२४ मध्ये फुलून गेली, तेव्हा पुढचा बहर २०३२ मध्ये. ‘तोवर गुडघे सांभाळा, वहिनी,’ असे वन्सं अगदी मनापासून म्हणाल्या. बसमधून उतरल्यावर वाटेत सावरीची लाल फुले पडलेली होती. त्यातले एक मी उचलले, तर पाकळ्या जाड, मेणचट आणि हाताला चक्क वजन लागावे अशा होत्या.

लेण्यांसाठी वेगळे तिकीट काढावे लागते आणि तिथून खरी चढण सुरू होते. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. त्यात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. ती सगळी पाहण्याचा हट्ट आपल्या वयाच्या माणसाने धरू नये. पहिल्या टप्प्यावरचे तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे, मात्र चुकवू नये. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. आत स्तूपापाशी इतका गारवा होता की बाहेर तापू लागलेल्या उन्हाचा विसर पडला.

तिथून थोडे पुढे जाऊन आम्ही एका लहान विहारापाशी, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यापाशी, थांबलो आणि ओसरीतल्या दगडी ओट्यावर टेकलो. माझ्या मते ज्येष्ठांनी कान्हेरीला यावे ते या ओट्यांसाठी. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणसारख्या गावांतल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे आणि काही लेखांत लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, यांच्याबरोबर बसण्याच्या ओट्यांच्या दानाचाही उल्लेख येतो. थकून आलेल्या माणसाला टेकायला जागा हवी, हे कोणाला तरी इतक्या शतकांपूर्वी सुचले, या विचाराने मला भरून आले. ओट्याची उंचीही अशी, की गुडघा फार न वाकवता बसता येते. समोर कातळात कोरलेली पोढी होती, तिच्यात पाणी होते आणि त्या पाण्यावर एक वाळके पान संथपणे फिरत होते. आम्ही तिथे तासभर बसलो आणि फारसे बोललो नाही.

उतरताना मात्र माझा पाय घसरला. घराजवळच्या एका दुकानदाराने ‘अजिबात घसरणार नाहीत’ असे सांगून दिलेले नवे बूट, असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेल्या त्या कातळावर सरळ पुढे गेले. बोरांची टोपली घेऊन चढणाऱ्या एका बाईंनी टोपली तिथेच ठेवून माझा दंड घट्ट धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. तेव्हा बूट वापरलेले, खाचांच्या तळव्यांचेच घालावेत, काठी बरोबर न्यावी, आणि पावसाळ्यात या पायऱ्यांचा विचारही करू नये. खाण्याची पिशवी हातात मिरवू नये, कारण माकडे ती नेमकी हेरतात. पाण्याची बाटली झोळीत असावी आणि झोळी पोटाशी.

बस सुटायला वेळ होता, म्हणून आम्ही त्याच बाईंकडून बोरे घेतली. वन्संनी त्यांतली निम्मी तिथेच, मीठ लावून संपवली आणि बसमध्ये बसल्याबसल्या विचारले, की पळस फुललेला असताना पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे का.